थंडर हरून उभी राहिलेली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात स्पोर्ट्सच्या पानावर ओक्लाहोमा सिटी थंडरने एनबीए जिंकल्याबद्दल लेख आला होता. आधी तर आनंदच झाला, कारण बास्केटबॉलला मराठी पेपरात इतकी जागा क्वचितच मिळते. पण त्यात एक गोष्ट अशी लिहिली होती की ती वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाहीये, म्हणून हे पत्र. लेखाचा सूर असा होता की ह्या टीमने दोन सीझन मुद्दाम हरून ड्राफ्टमध्ये वरचे नंबर मिळवले आणि त्या पोरांच्या जिवावर चॅम्पियन झाली. बऱ्याच लोकांना असंच वाटतं, माझ्या ओळखीतले एनबीए बघणारे पण हेच बोलतात. पण हिशोब मांडून बघितला की हे टिकत नाही, आणि तो हिशोब वाचकांपर्यंत पोचला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी फक्त आयपीएल बघितलंय त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. आयपीएलमध्ये ऑक्शन असतो, पैसे लावा आणि प्लेअर घ्या, आणि ट्रेड झाला तरी तो बऱ्याचदा पैशावर होतो, हार्दिक पंड्या गुजरातमधून मुंबईत आला तसा. एनबीएत प्लेअर असा पैसे देऊन विकत घेता येत नाही. दरवर्षी जूनमध्ये कॉलेजमधून आणि परदेशातून येणाऱ्या नव्या पोरांचा ड्राफ्ट होतो, टीम्स नंबराप्रमाणे एकेक पोरगा निवडतात, आणि जी टीम वाईट खेळली तिला वरचा नंबर मिळायची शक्यता जास्त. शक्यताच हां, खात्री नाही, कारण वरचे नंबर लॉटरीने ठरतात आणि २०१९ पासून तर सगळ्यात खालच्या तीन टीम्सना पहिल्या नंबरची सारखीच, १४ टक्के शक्यता असते. आणि खरी गंमत पुढे आहे, टीम्स आपले पुढच्या वर्षांचे पिकसुद्धा, म्हणजे ड्राफ्टमध्ये पोरगा निवडायचा हक्क, ट्रेडमध्ये देऊ शकतात, सात वर्षं पुढचे. म्हणजे आज तुमचा स्टार मला द्या, मी तुम्हाला माझा सात वर्षांनंतरचा पिक देतो, ज्यावर येणारा पोरगा आत्ता कदाचित सातवी-आठवीत असेल. पिक म्हणजे मुदत ठेवीची पावती समजा, फक्त हिच्यावर व्याज किती मिळणार ते लिहिलेलं नसतं आणि कधीकधी मुद्दलही बुडतं.

आता थंडर. २०१९ च्या एप्रिलमध्ये ही टीम पोर्टलंडकडून प्लेऑफच्या पहिल्याच राऊंडला हरली, डेमियन लिलार्डने शेवटच्या सेकंदाला ३७ फुटांवरून शॉट मारला आणि हात हलवून बाय केलं तो व्हिडिओ बहुतेकांनी बघितला असेल. टीममध्ये रसेल वेस्टब्रूक आणि पॉल जॉर्ज असे दोन मोठे स्टार, दोघांचे पगार प्रचंड, आणि तरी सलग तीन वर्षं पहिल्या राऊंडमध्ये बाहेर. त्याच जुलैत कवाय लेनर्ड हा स्टार फ्री एजंट होता, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपून मोकळा, आणि त्याला लॉस अँजेलिसच्या क्लिपर्स टीममध्ये जायचं होतं, पण पॉल जॉर्ज सोबत आला तरच. थंडरचा जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी याला कळलं की समोरच्याला आपल्याशिवाय पर्याय नाही, कारण नाही म्हटलं तर कवाय दुसरीकडे जाणार. मग त्याने काय मागितलं बघा, ड्राफ्टच्या पहिल्या राऊंडचे पाच पिक, शिवाय दोन वर्षांचे स्वॅप म्हणजे दोघांपैकी ज्याचा नंबर चांगला तो थंडरने घ्यायचा, डॅनिलो गॅलिनारी, आणि एक दुसऱ्या वर्षात जाणारा पोरगा ज्याने पहिल्या सीझनला मॅचमागे १०.८ पॉइंट्स केले होते. तो पोरगा शाई गिल्जस-अलेक्झांडर. २०२५ चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम प्लेअर, फायनल्सचा पण एमव्हीपी, आणि त्या सीझनला लीगमध्ये सगळ्यात जास्त, मॅचमागे ३२.७ पॉइंट्स. तो २०१८ च्या ड्राफ्टमध्ये ११ व्या नंबरला गेला होता, म्हणजे दहा टीम्सना त्याच्याऐवजी दुसरा कोणीतरी जास्त आवडला होता.

तर मला पहिलं हे म्हणायचंय की टीमचा सगळ्यात मोठा प्लेअर हरून आलेला नाही, ट्रेडमधून आलाय, आणि तो पण हरायला सुरुवात व्हायच्या आधी.

दुसरा जेलन विल्यम्स. सँटा क्लारा नावाच्या छोट्या युनिव्हर्सिटीतून आलेला, २०२२ ला १२ वा नंबर. तो नंबर थंडरचा नव्हताच, क्लिपर्सचा होता, त्याच पॉल जॉर्जच्या ट्रेडमधून आलेला. म्हणजे क्लिपर्स त्या वर्षी प्लेऑफला मुकले आणि फायदा झाला ओक्लाहोमाला. ह्याच जेलनने फायनल्सच्या पाचव्या मॅचला ४० पॉइंट्स टाकले.

लू डॉर्ट तर ड्राफ्टच झाला नव्हता. २०१९ ला साठ पोरं निवडली गेली त्यात हा माँट्रियलचा पोरगा नाही, थंडरने त्याला टू-वे कॉन्ट्रॅक्टवर घेतलं, म्हणजे अर्धा वेळ छोट्या लीगमध्ये खेळायचं. मला आठवतंय २०२० ची ह्युस्टनविरुद्धची सातवी मॅच, बबलमधली, म्हणजे कोविडमुळे टीम्सना एकाच ठिकाणी बंद ठेवून खेळवलेली. ह्या पोराने जवळजवळ पूर्ण सिरीज ह्युस्टनच्या जेम्स हार्डनला गार्ड केलं आणि सातव्या मॅचला स्वतः ३० पॉइंट्स मारले, शेवटच्या काही सेकंदांत त्याचाच शॉट हार्डनने ब्लॉक केला आणि १०४-१०२ ने मॅच गेली. तिथून २०२५ मध्ये तो लीगच्या ऑल डिफेन्सिव्ह फर्स्ट टीममध्ये. आयझाया जो याला फिलाडेल्फियाने २०२२ ला सोडून दिलं होतं, रिकामा होता, उचलला. ॲरन विगिन्स ५५ वा नंबर. आयझाया हार्टेनस्टाईन २०२४ ला फ्री एजंट म्हणून न्यूयॉर्क सोडून आला. केनरिच विल्यम्स हा स्टीव्हन ॲडम्सच्या ट्रेडमध्ये जोडून आलेला. ह्यातला एकही हरण्याच्या लॉटरीतून आलेला नाही.

मग हरण्यातून आलं काय? दोन सीझन खरंच वाईट गेले, २०२०-२१ ला २२ जिंकल्या ५० हरल्या, २०२१-२२ ला २४ जिंकल्या ५८ हरल्या. पहिल्या वर्षी लॉटरीने दगा दिला, थंडर सहाव्या नंबरला घसरली, आणि ट्रेडमधून यायचा असलेला ह्युस्टनचा पिक वर आला म्हणून तो पण मिळाला नाही कारण पहिल्या चारात आला तर ह्युस्टनकडेच राहील अशी अट होती. सहाव्या नंबरला जॉश गिडी घेतला. दुसऱ्या वर्षी दुसरा नंबर मिळाला, चेट होल्मग्रेन. बस. एवढंच. आणि चेट तर ऑगस्ट २०२२ मध्ये सिअॅटलला एका सामन्यात पाय दुखावून घेतला आणि पूर्ण वर्ष बसला.

चेट नसता तर जिंकले नसते हे मी लगेच मान्य करतो, फायनल्सच्या सातव्या मॅचला १८ पॉइंट्स आणि पाच ब्लॉक्स, त्याच्याशिवाय तो डिफेन्स उभाच राहत नाही. आणि मुद्दाम हरण्याचा आरोप अगदीच हवेतला आहे असंही नाही. मार्च २०२१ मध्ये अल हॉरफर्ड ठणठणीत असताना टीमने सांगून टाकलं की तो उरलेल्या मॅचेस खेळणार नाही, पोरांना खेळवायचंय. ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं, तिकीट काढणाऱ्या माणसाशी ते बरोबर नाही. १ मे २०२१ ला घरच्या कोर्टवर इंडियानाकडून ५७ पॉइंट्सने हरले, १५२-९५. आणि २ डिसेंबर २०२१ ला मेम्फिसमध्ये १५२-७९, ७३ पॉइंट्सचा फरक, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. शाई दुखापतीमुळे नव्हता, पण मेम्फिसकडेही जा मोरँट नव्हता. शेवटच्या क्वार्टरला कॅमेरा बेंचवर जायचा तेव्हा त्या पोरांकडे बघवत नव्हतं. त्या दिवशी कोर्टवर असलेला डॉर्ट साडेतीन वर्षांनी ट्रॉफी हातात घेऊन उभा होता. मधल्या वर्षांत जे घडलं ते लॉटरीने घडलेलं नाही.

हरून टीम बनते असं ज्यांना वाटतं त्यांनी फिलाडेल्फिया बघावी. २०१३ पासून तिथला मॅनेजर सॅम हिंकीने हेच उघडपणे केलं, १९ विजय, मग १८, मग १०. बेंचवर ड्राफ्टचे वरचे नंबर रांगेने येत गेले, २०१४ ला एम्बीड तिसरा, २०१५ ला ओकाफोर तिसरा, २०१६ ला सिमन्स पहिला, २०१७ ला फुल्ट्झ पहिला. चार वर्षांत चार पोरं पहिल्या तीनातली, थंडरला असं काही मिळालंच नाही. एम्बीड एमव्हीपी झाला हे खरं, पण तेव्हापासून २०२५ पर्यंत टीम प्लेऑफच्या दुसऱ्या राऊंडच्या पुढे गेली नाही. हरण्यात फिलाडेल्फिया ओक्लाहोमापेक्षा कितीतरी पुढे होती.

फरक कुठे पडला ते मला गिडीच्या गोष्टीत सगळ्यात जास्त दिसतं. २०२३-२४ ला थंडर ५७ मॅचेस जिंकून वेस्टमध्ये, म्हणजे लीगच्या पश्चिम गटात, पहिली आली, पण दुसऱ्या राऊंडला डॅलसने हरवलं, आणि त्या सिरीजमध्ये डॅलसवाले गिडीला बाहेर मोकळा सोडायचे, मार तुला काय मारायचंय ते. पासिंग सुंदर, पण शॉट नाही, त्यामुळे बाकीच्यांची जागा आवळली जायची. आपण सहाव्या नंबरला घेतलेला २१ वर्षांचा पोरगा, त्याच्यावर तीन वर्षं घातलेली, कुठलाही मॅनेजर अजून एक वर्ष थांबून बघू म्हणाला असता. प्रेस्टीने पुढच्याच महिन्यात त्याला शिकागोला दिलं आणि तिशीचा ॲलेक्स करूसो आणला, एकास एक. तेव्हा खूप जणांनी नावं ठेवली की एवढे पिक पडलेत आणि बदल्यात एकही पिक नाही मागितला. आता बघा. डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या मॅचला निकोला योकिच, जवळजवळ सात फूट, त्याच्या अंगावर हा साडेसहा फुटांच्याही आतला करूसो सोडला, पास आत यायच्या आधीच पुढून अडवायचा, हात मध्ये घालायचा, योकिचला बॉल मिळवायलाच धडपडावं लागत होतं. १२५-९३. आणि करूसो पण २०१६ ला ड्राफ्ट न झालेला, थंडरच्याच छोट्या टीममधून, ओक्लाहोमा सिटी ब्लूमधून सुरुवात केलेला. कोच मार्क डॅगनॉल्टसुद्धा त्याच ब्लूचा कोच होता, तिथून वर येऊन २०२० ला हेड कोच झाला. म्हणजे पोरं घडवायची जागा आधी नीट उभी केली होती, नुसते पिक जमवले नव्हते.

आपल्याला भारतीयांना हे लवकर कळायला हवं. २०१५ ला सतनाम सिंग ५२ व्या नंबरला डॅलसने निवडला, ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय, पेपरांत फोटो. एनबीएत एकही मॅच खेळायला मिळाली नाही. त्याच्याही खाली, ५५ ला गेलेला विगिन्स २०२५ ला चॅम्पियन झाला. सतनाममध्ये काही कमी होतं असं मला बिलकुल म्हणायचं नाही, ड्राफ्टच्या दिवशी फक्त दार उघडतं आणि आत गेल्यावर कोण हात धरून शिकवतं, किती मिनिटं खेळवतं, चुकलं तर पुन्हा पाठवतं का, यावर पोराचं पुढचं सगळं ठरतं.

अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण ती कुठे मराठीत वाचली नाही. २००७ मध्ये ही टीम अजून सिअॅटलला होती तेव्हा फीनिक्सला पगाराचा बोजा कमी करायचा होता, म्हणून त्यांनी कर्ट थॉमस आणि सोबत पहिल्या राऊंडचे दोन पिक दिले आणि बदल्यात घेतला दुसऱ्या राऊंडचा एक पिक. त्यातल्या एका पिकवर २००८ ला २४ व्या नंबरला सर्ज इबाका घेतला. इबाका आठ वर्षांनी ओरलँडोला दिला, तिकडून व्हिक्टर ओलाडीपो आणि नुकताच ड्राफ्ट झालेला डोमांटास सबोनिस आले. २०१७ ला ते दोघं इंडियानाला देऊन पॉल जॉर्ज घेतला. आणि पॉल जॉर्ज देऊन शाई आणि जेलनचा पिक. कर्ट थॉमसच्या त्या व्यवहारापासून २०२५ च्या ट्रॉफीपर्यंत सरळ रेघ ओढता येते, अठरा वर्षांची. मध्ये टीमचा स्टार ड्युरँट २०१६ ला फुकटात निघून गेला, हार्डन घाईने दिला गेला, त्या जखमा आहेतच, पण ही रेघ तुटली नाही.

आणि २०२५ च्या फायनल्समध्ये दुसऱ्या टोकाला कोण होतं? इंडियाना. सबोनिस तिकडे ऑलस्टार झाला आणि फेब्रुवारी २०२२ ला त्याला सॅक्रामेंटोला देऊन टायरीस हॅलिबर्टन आणला, जो त्यांना फायनल्सला घेऊन आला. म्हणजे फायनल्सच्या दोन्ही टीम्सचे मुख्य प्लेअर २०१७ च्या एकाच ट्रेडच्या दोन फांद्यांवर वाढलेले. ऑक्टोबर २०१९ ला मुंबईत वरळीच्या डोममध्ये एनबीएच्या दोन मॅचेस झाल्या त्या ह्याच इंडियाना आणि सॅक्रामेंटोच्या, सबोनिस तेव्हा इंडियानाकडून आपल्याकडे खेळून गेलाय. आणि इंडियाना तर वर्षानुवर्षं तळाला जाऊन बसणाऱ्यातली टीमच नाही. माइल्स टर्नर ११ वा नंबर, सियाकम टोरँटोला पहिल्या राऊंडचे तीन पिक देऊन आणला. तरीही सातव्या मॅचपर्यंत गेले. २०२५ च्या २३ जूनला आपल्याकडे पहाटे साडेपाचला ती मॅच सुरू झाली आणि पहिल्याच क्वार्टरला हॅलिबर्टनच्या टाचेची शीर तुटली, जमिनीवर हात आपटत होता बिचारा, थंडरचा फॅन असूनही मला ते बघवलं नाही. तो शेवटपर्यंत खेळला असता तर काय झालं असतं कोण जाणे, १०३-९१ असा स्कोअर लागला.

हरून पिक मिळवायचा भरवसा किती कमी असतो ते तर २०२५ लाच दिसलं. हॉरफर्ड आला तेव्हा सोबत फिलाडेल्फियाचा एक पिक मिळाला होता, तो २०२५ ला यायचा होता, पण पहिल्या सहात पडला तर फिलाडेल्फिया ठेवणार अशी अट. फिलाडेल्फिया इतकी वाईट खेळली की तिसरा नंबर लागला, पिक आला नाही. क्लिपर्सचा २०२५ चा स्वॅप तेवढा कामाला आला, आपला ३० वा नंबर देऊन त्यांचा २४ वा. कागदावर डोंगर दिसतो पण हाताला इतकं लागतं.

पुढचा प्रश्न पैशाचा आहे आणि त्यावर आपल्या लेखात एक ओळही नव्हती. जुलै २०२५ मध्ये शाईने चार वर्षांचं २८ कोटी ५० लाख डॉलरचं एक्स्टेन्शन केलं, चेट आणि जेलनची पाच-पाच वर्षांची मोठी कॉन्ट्रॅक्टं झाली. २०२३ पासूनच्या नियमांत पगाराची एक वरची रेषा आहे, सेकंड एप्रन म्हणतात, ती ओलांडली की ट्रेडमध्ये दोन प्लेअरचे पगार एकत्र जोडता येत नाहीत, फ्री एजंटवर खर्च करायची सवलत जाते, सात वर्षं पुढचा पिक गोठवला जातो. हार्टेनस्टाईन आणि डॉर्ट दोघांचंही कॉन्ट्रॅक्ट २०२६-२७ ला पुढे चालवायचं की नाही ते टीमच्या हातात, आणि दोघांनाही ठेवणं जड जाणार. इथेच साठवलेले पिक लागणार, कारण ड्राफ्टमधून आलेला पोरगा चार वर्षं स्वस्तात खेळतो. डॉर्टला सोडायची वेळ आली तर मला वैयक्तिक खूप वाईट वाटेल, इतक्या खालून वर आलेला माणूस आहे तो, पण आधीच्या टीमला ड्युरँट आणि हार्डन एकत्र ठेवता आले नाहीत ते बघितल्यावर यावेळी तरी डोळे उघडे ठेवून ठरवतील असं वाटतं.

ओक्लाहोमा सिटी साधारण सात लाख वस्तीचं गाव, मोठ्या लीगमधली ही एकच टीम, तिथे समुद्र नाही, झगमगाट नाही, मोठे फ्री एजंट आपणहून येत नाहीत. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या लोकांनी मत देऊन स्वतःवर एक टक्का विक्रीकर लावून घेतला, नवीन स्टेडियमसाठी, त्याच्या आधीच्या तीनही सीझनमध्ये प्लेऑफ बघितलेलं नसताना. त्या लोकांच्या टीमबद्दल 'मुद्दाम हरली' एवढंच लिहिलं गेलं तर त्यात त्यांचं काहीच येत नाही.

म्हणून विनंती अशी की जूनमध्ये ड्राफ्टच्या आठवड्यात आपण दोन कॉलम तरी ह्या विषयाला द्यावेत, फक्त पहिला नंबर कोण गेला एवढं न छापता कुणाचा पिक कुणाकडे आणि का आहे ते छापावं. २०२६ चा क्लिपर्सचा पिक थंडरला मिळालेला, कुठलीही अट नसलेला, २०१९ च्या त्याच ट्रेडमधला शेवटचा. तिथून सुरुवात केलीत तरी चालेल.

आपला नियमित वाचक,
नागपूर